उसवायचं तर तुमच्याच हातानं

पत्र थोडक्यात

इंदूरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३७, शाळेत गणित शिकवतात, सुदामा नगरला सासू-सासऱ्यांसोबत राहतात. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आहे, डिसेंबरात बाळ येईल. त्या बाळासाठी क्रोशाचा हत्ती विणायचं त्यांनी मनावर घेतलं. याआधी क्रोशाची सुई कधी हातात धरलेली नव्हती. व्हिडिओ बघून आधी मखमली लोकर मागवली, ती जमेना. मग गडद राखाडी साधी लोकर आणली. हत्तीचं डोकं म्हणजे एक गोळा, पण तो कधी एका अंगाला फुगतो, कधी त्याची टोपी होते, तर कधी कडेला झालर येते. सासूबाई दोऱ्याच्या क्रोशात तरबेज. त्या म्हणतात, आधी रुमाल विणायला शिक, खेळणी म्हणजे पोरखेळ. शिवाय रात्री सगळे झोपल्यावर त्या सुनेचा गोळा उसवतात आणि नीट विणून ठेवतात. सकाळी गोळा सुबक दिसतो, पण संध्याकाळी पुढे विणायला घेतला की हिशोब पुन्हा चुकतो. शाळेतल्या मैत्रिणी तर आत्ताच म्हणताहेत, शिकून घे आणि ऑर्डर घ्यायला लाग. बाई लिहितात, ‘आमच्या माहेरी कुणाच्याच हातात कला नाही. आता लपवून विणू, की सोडून देऊन बाजारातून हत्ती आणू?’ सोबत गोळ्याचा फोटो जोडला आहे.

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमचा प्रश्न सासूबाईंबद्दल आहे, पण मी आधी फोटोकडे वळते, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. गोळ्याच्या एका बाजूला, मधल्या काही फेऱ्यांत, एक तिरकी शिवण वर चढत गेलेली दिसते. तिच्या खालच्या फेऱ्यांत ती नाही आणि वरच्या फेऱ्यांतही नाही. ही शिवण सासूबाईंच्या हातची आहे. रुमाल विणणारा हात प्रत्येक फेरी संपली की पहिल्या टाक्यात स्लिप स्टिच, म्हणजे नुसता जोडटाका, घालून ती बंद करतो, उंचीसाठी साखळी घालतो आणि मग पुढची फेरी धरतो. तुम्ही विणताय ती जपानी अमिगुरुमीची, म्हणजे विणलेल्या छोट्या खेळण्यांची पद्धत. तिच्यात सहसा फेरी बंद करतच नाहीत, गोगलगाईच्या शंखासारखं अखंड गोल वर चढत जातात.

आता तुमच्या संध्याकाळी काय होतं ते बघा. रात्रीतून गोळा बंद फेऱ्यांचा झालेला असतो. तुम्ही तो अखंड समजून पुढे नेता, आणि मोजताना ती स्लिप स्टिच आणि ती उंचीची साखळी, दोन्ही टाके म्हणून धरले जातात. ३० च्या जागी ३१ किंवा ३२ भरतात, टाका वाढवायची जागा सरकते आणि गोळा एका अंगाला फुगतो. एकाच गोळ्यावर दोन पद्धती चालल्या आहेत आणि दोघींनी एकमेकींना ते विचारलेलं नाही. तुमच्या माहेरच्या हातांचा इथे काही संबंध नाही. पत्रात ते वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून मीही ठामपणे लिहिते आहे.

तुम्ही गणिताच्या बाई आहात, तेव्हा हा हिशोब तुम्हाला आवडेल. मुका खांब, म्हणजे तुम्ही गोळ्यात घालता तो बुटका टाका, जवळपास चौरस असतो, जितका रुंद तितकाच उंच. सपाट चकती विणताना दर फेरीला त्रिज्या एका टाक्यानं वाढते, म्हणजे परीघ २π, साधारण ६.२८ टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून सुरुवात ६ नं आणि दर फेरीला ६ ची भर: ६, १२, १८, २४, ३०, ३६. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, तिसरीत एक टाका साधा आणि पुढच्यात दोन, चौथीत दोन साधे आणि पुढच्यात दोन, असं चढत जायचं. भर थांबवली की कडा वळतात आणि वाटी होते. तुमची टोपी झाली ती भर लवकर थांबल्यामुळे. ज्या गोळ्याला झालर आली, त्यात भर जास्त झाली. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी नेमक्या या झालरीचाच उपयोग केला. ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत नेऊन त्यांनी हायपरबोलिक भूमितीतला, म्हणजे झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग क्रोशानं विणला, विद्यार्थ्यांना हातात धरून बघता यावा म्हणून.

सासूबाई खांबांचा गोल रुमाल बहुतेक १२ खांबांनी सुरू करत असतील, एकदा निरखून बघा. खांब हा मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून भरही दुप्पट. त्यांचा रुमाल आणि तुमचा गोळा, दोन्हींच्या मुळाशी एकच हिशोब आहे.

हत्तीच्या डोक्यासाठी ३६ पर्यंत वाढवा, सहा फेऱ्या काही न वाढवता घ्या, मग चढलात त्याच क्रमानं दोन टाक्यांचा एक करत उतरा. उतरताना दोन्ही टाक्यांची फक्त पुढची अढी (टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी आपल्याकडचा) सुईवर घेतलीत तर भोक राहत नाही. फेरीचा पहिला टाका झाला की त्यात एक सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवत न्या. पिन नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा पुरतो. पिन न लावता अखंड फेरी मोजणं सरावलेल्या बायकांनाही अवघड जातं. नवशिक्यांचे निम्मे वाकडे गोळे या एका पिनेवाचून वाकडे होतात, असं माझं मत आहे. दर फेरीला मोजा. एखादा टाका कमी भरला तर पुढच्या फेरीत एक वाढवून घ्या, खेळण्यात तो कुणाला दिसत नाही. दोन-तीनचा फरक असेल तर मात्र त्या फेरीपर्यंत उसवा.

आणि हे उसवणं तुमच्याच हातानं व्हायला हवं. या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट. क्रोशा शिकणं म्हणजे सुई चालवणं, हे अर्धंच खरं आहे. विणलेलं वाचता येणं हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि तो उसवतानाच शिकून होतो. धागा हळूहळू ओढताना एकेक टाका सुटतो, तेव्हा दिसतं की इथे एकाच टाक्यात दोनदा सुई गेली होती, इथे एक टाका सुटला होता, इथे सुई दोन अढ्यांऐवजी एकाच अढीतून गेली होती. सासूबाई रात्री उसवतात तेव्हा तुमच्या चुकांबरोबर त्यांचा धडाही घेऊन जातात. सकाळी तुम्हाला मिळतो तो कुणा दुसऱ्याचा बरोबर गोळा, आणि त्यावरून काहीच कळत नाही.

पण त्या हे का करतात? तुम्ही लिहिलंय, ‘मला कमी लेखतात’. असेलही. तुम्ही त्या घरात राहता, मी नाही. तरी एक गोष्ट पत्रात तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. जन्माला येणारं बाळ त्यांच्या लेकीचं आहे. त्या आजी होणार आहेत. आयुष्यभर ज्यांनी घरादारासाठी तोरणं आणि ताटावरचे रुमाल विणले, त्यांच्या नातवंडाचं पहिलं खेळणं घरात विणलं जातंय आणि त्यांना कुणी त्यात बोलावलेलं नाही. मग त्या रात्री उठून त्यात शिरतात. हा माझा अंदाज आहे. पण तो खरा असेल, तर लपवून विणण्यानं गोष्टी आणखी बिघडतील, कारण मग त्यांना बाळापासून दूर ठेवल्यासारखं होईल.

म्हणून लपवू नका, बोला. दुपारी, निवांत वेळी, गोळा हातात घेऊनच. साधारण असं म्हणता येईल: ‘आई, तुम्ही सरळ करून ठेवता ते सुंदरच असतं, पण मग माझी चूक कुठे झाली ते मला सापडतच नाही. या गोळ्याला हात नका लावू. मी विणत असताना शेजारी बसा आणि चुकले की तिथेच थांबवा.’ एवढंच. ‘तुम्ही माझं काम बिघडवता’ हे वाक्य मनात असलं तरी त्या दिवशी नको.

त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि ते व्हिडिओत नीट दिसत नाही. त्यांचा डावा हात बघा. धागा करंगळीला एक वेढा घेऊन येतो, मधल्या बोटांखालून जातो आणि तर्जनीवर ताणलेला राहतो. तर्जनी वर-खाली होते तसा धागा हवा तेवढाच सुटतो. तुमचे टाके इतके घट्ट होतात की पुढच्या फेरीत सुई शिरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक तुम्ही धागा मुठीत धरता आणि अढी सुईच्या बारीक मानेवरच आवळता. अढी सुईच्या जाड दांड्यावर येऊ द्या, मग ती आपोआप योग्य मापाची होते. त्यांच्या हातावर हात ठेवून हे एकदा बघितलंत तर व्हिडिओ पुन्हापुन्हा मागे-पुढे करत बसावं लागणार नाही. सुई मात्र त्यांची घेऊ नका. दोऱ्याच्या कामाची ती पोलादी सुई फार बारीक असते, लोकरीचे पदर तिच्यात फाटतात. मध्यम जाडीच्या लोकरीला २.५ किंवा ३ मिलिमीटरची सुई घ्या. लोकरीच्या वेष्टनावर बहुधा त्याहून मोठी सुई सुचवलेली असते, पण ते माप स्वेटर-शालीसाठी असतं. खेळण्याला वीण दाट हवी, नाहीतर आतला कापूस बाहेर डोकावतो.

रुमाल आधी की खेळणं आधी, या वादात मी तुमच्या बाजूनं आहे. दोऱ्याच्या नाजूक कामासाठी त्यांचा क्रम योग्यच आहे, पण खेळण्यासाठी साखळी, मुका खांब, एका टाक्यात दोन आणि दोनांचा एक, इतकं आलं की काम सुरू होतं. खांबांची, जाळीची, पिकोची गरजच पडत नाही. एक साधा गोळा हाच पहिला धडा घ्या. मॅजिक रिंग, म्हणजे सुरुवातीचं ओढून घट्ट करायचं कडं, जमत नसेल तर सोडून द्या. दोन साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घ्या, तेवढ्यानं काम भागतं.

आणि ‘खेळणी म्हणजे पोरखेळ’ हे मला मान्य नाही. आपल्या माळव्याला लागूनच झाबुआ आहे. तिथल्या कापडी बाहुल्या घडवणारे रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कापूस भरलेल्या बाहुलीला एवढा मान मिळतो, हे सासूबाईंना जरूर सांगा. वाद जिंकायला नव्हे, त्यांना ते ऐकायला आवडेल म्हणून.

आता लोकरीचं. मखमली लोकर सध्या सगळ्या व्हिडिओंत दिसते आणि खेळणं तिचं गुबगुबीत होतं हे खरं, पण तिच्यात टाका डोळ्यांना दिसतच नाही, बोटांनी चाचपावा लागतो. ती हात बसल्यावर घ्यायची लोकर आहे, तोवर कपाटात राहू द्या. गडद राखाडीचंही तेच, रात्रीच्या दिव्यात टाके मोजता येत नाहीत. राजवाड्याच्या आसपासच्या बाजारात लोकरीच्या दुकानात फिकट रंगाची, गुळगुळीत, पदर न सुटणारी सुती किंवा मिल्क कॉटन लोकर मागा. हत्ती फिकट निळा किंवा बदामी झाला तरी बाळाची तक्रार असणार नाही. भरायला रेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचा कापूस, घ्या, साधा कापूस धुतल्यावर गठ्ठे धरतो. गोळा पूर्ण बंद व्हायच्या आधी, भोक बोटभर असतानाच, लहान लहान पुंजके करून भरत जा. आणि इंग्रजी नमुना वाचत असाल तर तो अमेरिकी आहे की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकी नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तोच आपला मुका खांब, आणि ब्रिटिश नमुन्यात त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. या घोळात हत्तीचे पाय दुप्पट लांब आणि जाळीदार झाल्याच्या तक्रारी मला पुष्कळ येतात.

तुम्हाला बारशाला हत्ती तयार हवाय. मला ही मुदत गरजेची वाटत नाही. झोपलेल्या बाळाजवळ पहिलं वर्षभर मऊ खेळणी, उशा, गाद्यागिर्द्या ठेवू नयेत असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणजे हत्ती पाळण्यात जाणारच नाही. हातात धरून चोखायला, आपटायला बाळाला काही महिने जावे लागतील. तोवर तुमचा हात नक्की बसेल. बारशाला सासूबाईंच्या हातचं काहीतरी असू द्या. दुपट्याची कड, टोपडं, पाळण्याची झालर, जे त्यांना मनापासून विणावंसं वाटेल ते. हे त्यांना तुम्हीच सुचवा, नणंदेकडून निरोप नको. त्यांचं काम त्यांच्या हाती आलं की तुमचा गोळा रात्री टोपलीत सुखरूप राहण्याची शक्यता बरीच वाढते. इतकं करूनही त्यांनी उसवलाच, तर रागावू नका, पण तो गोळा पुढे नेऊही नका. त्यांच्यादेखत नवा सुरू करा. त्यांचा सुबक गोळा त्यांनाच पूर्ण करायला द्या, बाळाला एक चेंडू मिळेल.

बाजारातून हत्ती आणण्यात कमीपणा काहीच नाही. पण तुमच्या पत्रातली सर्वांत जिवंत ओळ ती आहे जिथे तुम्ही पहिल्यांदा १८ टाक्यांची फेरी बरोबर भरली तेव्हा रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून दाखवलीत. ज्या बाईला एवढा आनंद झाला तिला मी सोडून द्यायला सांगणार नाही.

ऑर्डरींचं इतक्यात डोक्यात घेऊ नका. पण इतर काही वाचकही हे विचारतात, म्हणून सांगते. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणन, म्हणजे आयएसआय चिन्ह, बंधनकारक आहे. केंद्रीय वस्त्र मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. नणंदेच्या बाळाला भेट द्यायला यातलं काही लागत नाही. विकायचं मनात असेल त्यांनी मात्र आधी ही नोंदणी करावी, मग किंमत ठरवावी.

ज्यांच्या घरी अशा सासूबाई नाहीत, त्यांनी शेजारीपाजारी एखादी काकू, आत्या, आजी शोधावी. इंदूर, देवास, उज्जैनच्या मराठी घरांत दोऱ्याचा क्रोशा येणाऱ्या बायका आजही आहेत, फक्त हल्ली त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना अमिगुरुमी येत नसेल. तुम्ही नमुना वाचा, त्या हात दाखवतील. एकमेकींच्या गोळ्याला मात्र हात लावायचा नाही, एवढं आधी ठरवून घ्या.

आता हत्तीचे डोळे. दुकानात प्लॅस्टिकचे, मागून चकती बसणारे डोळे मिळतात, त्यांना सेफ्टी आय म्हणतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी ते वापरू नका, मणी-बटणंही नकोत. कधी निघून तोंडात जातील सांगता येत नाही. काळ्या दोऱ्यानं भरतकाम करून डोळे काढा. डोळे काढण्याआधी गोळ्यात रेक्रॉन भरून घ्या आणि डोळ्यांच्या जागी दोन टाचण्या लावून समोरून बघा, कारण अखंड फेरीत टाके हळूहळू एका बाजूला सरकत जातात आणि नमुन्यातल्या आकड्यावर विसंबून काढलेले डोळे तिरके येतात. डोळे काढून झाले की टाचण्या मोजून परत डबीत टाका. सोंड, कान, पाय जोडण्यासाठी प्रत्येक भागाला वीतभर धागा शिल्लक ठेवा आणि दोनदा फिरून शिवा. मग कान आणि सोंड चिमटीत धरून जोरात ओढून बघा. टाका हलला तर तेवढा भाग उसवून पुन्हा शिवा, कारण बाळ सगळ्यात आधी तेच ओढणार आहे.